शांत, पण कोणासाठी?



सुरुवातीला एक छोटा प्रयोग करू. आम्ही घरून एक जुना ट्रान्झिस्टर आणला आहे. मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला, म्हणजे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, तो लावतो. ऐकू येतंय ना मागेपर्यंत? आता तो या टेबलावरच्या एलईडी दिव्याजवळ नेतो. बघा, निवेदिका गेली आणि नुसती खरखर उरली. दिवा बंद करा कुणीतरी. निवेदिका परत आली. या दिव्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे, नोंदणी क्रमांक आहे. दिवा नकली नाही. त्याने शॉक बसणार नाही, तो पेट घेणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो सुरक्षित आहे. तरीसुद्धा शेजारच्या ट्रान्झिस्टरला त्याने बोलू दिलं नाही.

आजचा विषय एवढाच आहे. वस्तू तिच्या मालकाला सुरक्षित असणं वेगळं आणि शेजाऱ्याबरोबर तिने नीट नांदणं वेगळं. पहिल्याला सुरक्षितता म्हणतात. दुसऱ्याला पुस्तकी मराठीत 'विद्युतचुंबकीय सुसंगतता' म्हणतात आणि तंत्रज्ञ मंडळी 'ईएमसी' म्हणून मोकळी होतात. आम्हाला 'नांदणं' हा शब्द बरा वाटतो, कारण नांदायला दुसरं माणूस लागतं.

तत्त्वज्ञानाच्या माणसाने या विषयात का पडावं, असं आयोजकांनीही आम्हाला विचारलं. आम्ही जन्मभर ग्रंथांची चिकित्सा केली. प्रमाणचिन्हांचं ते लेबल हाही एक ग्रंथच आहे, फक्त फार बारीक अक्षरात छापलेला. चार्जर उलटा करून आपण तो कधी वाचत नाही. आज वाचू.

पहिली खूण युरोपची, 'सीई'. अनेकांना वाटतं की युरोपातल्या एखाद्या सरकारी प्रयोगशाळेने वस्तू तपासून हा शिक्का मारला. बहुतेक विजेच्या वस्तूंच्या बाबतीत तसं नसतं. हे उत्पादकाचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आहे. नियमांची पूर्तता मी केली आहे, तिची कागदपत्रं दहा वर्षं जपून ठेवीन, मागाल तेव्हा दाखवीन, असं तो सांगतो. त्यामागे दोन वेगळे कायदे आहेत. एक कमी दाबाच्या विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेचा. तो १९७३ पासून आहे आणि आज त्याचं २०१४ चं रूप चालतं. दुसरा ईएमसीचा. तो १९८९ चा, आणि १९९६ च्या सुरुवातीपासून तो पुरता बंधनकारक झाला. मधल्या काळाकडे लक्ष द्या. मालकाची काळजी आधी सुचली, शेजाऱ्याची पंधरा-सोळा वर्षांनी.

दुसरी खूण अमेरिकेची, 'एफसीसी'. तिच्याबरोबर जी अट येते तिचा आशय असा: या उपकरणाने दुसऱ्याला घातक व्यत्यय आणू नये, आणि स्वतःवर आलेला व्यत्यय मुकाट सोसावा. म्हणजे त्रास देऊ नकोस हे मोजून घ्यायचं, आणि सोसण्याची ताकद आहे की नाही ते बाजारावर सोडायचं. युरोप दोन्ही मोजायला लावतो. अमेरिकेतली सुरक्षिततेची 'यूएल' ही खूण तर सरकारची नव्हेच. १८९४ मध्ये आगविम्याच्या जगातून निघालेल्या संस्थेची ती खूण आहे. आगीची भरपाई ज्यांना द्यावी लागे, त्यांनाच तार कशी असावी याचा पहिला विचार करावा लागला.

जपानचा दाब १०० व्होल्ट, अमेरिकेचा १२०, आपला २३०. जपानची 'पीएसई', चीनची 'सीसीसी'. एकाच यंत्राला इतक्या वेशींवर थांबावं लागतं. आपल्या जुन्नरकरांना यात नवल वाटू नये. नाणेघाटात डोंगराच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची जकात त्यात पडायची असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कासारांच्या, बुरुडांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत, आणि दान देणाऱ्यांत यवनही आहेत. परक्या मुलखातल्या अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न इथे दोन हजार वर्षं मुक्कामाला आहे. तेव्हा श्रेणीचा शब्द चाले. आज लेबल चालतं.

आता आपली खूण. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीची नोंदणी आली. वस्तू ब्यूरोच्या मान्य प्रयोगशाळेत तपासायची, 'आर' ने सुरू होणारा क्रमांक घ्यायचा आणि मगच विकायची. चार्जर, संगणक आणि पुढे एलईडी दिवे यात आले. ही चांगली गोष्ट झाली. पण तपासणीचा भर कशावर आहे, तर शॉक आणि आग यांवर. दूरसंचाराच्या उपकरणांना ईएमसीची तपासणी सक्तीची आहे. मात्र घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंना सरसकट लागू होईल असा युरोपसारखा स्वतंत्र ईएमसी कायदा आपल्याकडे नाही. आवाजाच्या मर्यादेची भारतीय मानकं लिहिलेली आहेत. ती कपाटात आहेत. २०१५ पासून 'उजाला' योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे देशात वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली आणि आम्ही त्याचं स्वागतच करतो. पण इतक्या संख्येने एखादी वस्तू घरोघर जाते, तेव्हा ती शेजाऱ्याशी कशी वागते हे विचारणं म्हणजे खुसपट काढणं नव्हे.

दिवा आवाज का करतो? त्याच्या पोटात छोटा वीजपुरवठा असतो. तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, म्हणूनच तो लहान, हलका आणि स्वस्त असतो. प्रत्येक चालू-बंदबरोबर थोडी ऊर्जा तारेवाटे आणि हवेतून बाहेर सांडते. ती अडवायला फिल्टर लागतो, म्हणजे एखादं वेटोळं, एक-दोन कपॅसिटर, फेराइटचं कडं. स्वस्त मालात काटछाट करायची झाली की पहिली गदा यावरच येते. कारण तो काढला तरी दिवा तसाच उजेड देतो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. ज्याला कळतं तो शेजारी दुकानात आलेलाच नसतो.

इथे एक पेच आहे, आणि आम्हाला तो नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवावासा वाटतो. आवाज दाबणारे काही कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. ते जितके मोठे तितका आवाज कमी. पण ते जितके मोठे तितका अर्थिंगकडे झिरपणारा प्रवाह जास्त, आणि सुरक्षिततेचा नियम सांगतो की ही गळती मर्यादेत ठेवा. दोन पिनांच्या चार्जरला तर जेमतेम पाव मिलिअँपिअरची मुभा असते. मालकाचं हित एकीकडे ओढतं, शेजाऱ्याचं दुसरीकडे. अभियंता मधली वाट काढतो. पण ती वाट काढताना त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. तीन पिनांच्या यंत्राच्या मागे भिंतीत खरोखरची अर्थिंग आहे, असं तो धरून चालतो.

आता तुमच्या मळ्यातल्या घराची अर्थिंग आठवा. खड्डा कधी भरला, त्यात शेवटचं पाणी कधी ओतलं, कोळसा-मीठ शिल्लक आहे का? मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा असतो. अशा घरात युरोपच्या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झालेलं यंत्रसुद्धा हाताला झिणझिण्या देतं, आणि त्याचा फिल्टर काम करीत नाही ते वेगळंच. यंत्राने नियम मोडलेला नाही. नियमाने ज्या घराची कल्पना केली होती ते घर हे नाही.

आमचा पहिला आक्षेप हाच आहे. प्रत्येक मानकाच्या आत एक न लिहिलेलं घर असतं. त्याची अर्थिंग पक्की, दाब स्थिर, भिंती कोरड्या. मानक त्या घरापुरतं खरं असतं. ओळी जशाच्या तशा उचलून आपण भारतीय क्रमांक देतो, पण ते घर काही आपल्याबरोबर येत नाही.

दुसरा आक्षेप समजून घ्यायला खोडदला जावं लागेल.

नारायणगावापासून थोडं पूर्वेला खोडद. तिथली जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण तुम्ही लहानपणापासून पाहता. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. पुण्याची एन.सी.आर.ए. ती चालवते. हीच जागा का, याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक म्हणजे इथली रेडिओ शांतता. भोवतीचे डोंगर शहरांचा गोंगाट अडवतात. पुणं जवळ आहे आणि तरी दूर आहे.

ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यांत ऐकते. मघाच्या ट्रान्झिस्टरची पट्टी याहून फार खालची, तेव्हा आमचा प्रयोग दुर्बिणीच्या बाजूचा पुरावा म्हणून घेऊ नका. तो फक्त उदाहरण होता. दुर्बिणीला किती बारीक ऐकावं लागतं? या शास्त्राचं एकक आहे जान्स्की. दशांशचिन्हापुढे २५ शून्यं आणि मग एक, इतके वॅट, दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. आणि ज्या आकाशस्थ वस्तूंचा अभ्यास होतो त्यातल्या पुष्कळशा या एककाच्याही हजाराव्या भागात बोलतात.

हे नाव कार्ल जान्स्की यांच्यावरून आलं, आणि त्यांची गोष्ट आपल्या विषयातलीच आहे. ते अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनला खरखर कुठून येते ते शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. जवळची वादळं सापडली, दूरची सापडली. एक खरखर उरली. ती रोज चार मिनिटं आधी यायची, म्हणजे सूर्याच्या नव्हे तर ताऱ्यांच्या घड्याळाने चालायची. १९३३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ती आकाशगंगेकडून येते. एक आख्खं शास्त्र व्यत्ययाच्या तक्रारीतून जन्माला आलं. एकाची खरखर ही दुसऱ्याचा विषय असतो.

आता मानकाकडे परत या. व्यत्ययाच्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती, 'सिस्प्र', १९३४ ची. घरोघर रेडिओ आले होते आणि मोटारी, पंखे, यंत्रं त्यांना छळत होती. समितीपुढे उभा असलेला शेजारी म्हणजे रेडिओ ऐकणारा गृहस्थ. नंतर त्याच्याकडे टीव्ही आला. आजही घरगुती उपकरणाची, म्हणजे 'ब' वर्गाची, नेहमीची मर्यादा बघा. १० मीटर अंतरावर, ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये, ३० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. कारखान्यातल्या 'अ' वर्गाला दहा डेसिबलची सूट. हा आकडा कुठून आला, तर शेजारच्या घरातला रेडिओ-टीव्ही नीट चालावा या गरजेतून. त्या शेजाऱ्यासाठी तो योग्यच आहे. पण शेजारी दुर्बीण असेल तर 'ब' वर्गाचं निर्दोष प्रमाणपत्र मिळालेली वस्तूसुद्धा तिच्यापाशी आरडाओरडाच करते.

आमच्या न्यायशास्त्रात कोणताही संबंध सांगितला की त्याचा प्रतियोगी सांगावा लागतो. नुसतं 'डावीकडे' म्हणून भागत नाही, कशाच्या डावीकडे ते सांगा. 'शांत' हा शब्द तसाच आहे. प्रमाणपत्र मात्र तो वस्तूचा गुण असल्यासारखा छापतं, तांबडा किंवा जड असावा तसा. दुसरा आक्षेप हा. शांतता हा संबंध आहे, आणि लेबलावर शेजाऱ्याचं नाव लिहिलेलं नसतं.

तिसरा आक्षेप परीक्षेच्या पद्धतीवर. ऑस्ट्रेलियात पार्क्सची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे कित्येक वर्षं चमत्कारिक क्षणिक संकेत पकडले जात. दूरच्या अवकाशातून आल्यासारखे दिसत, पण संशय होता. २०१५ मध्ये उलगडा झाला. वेधशाळेच्याच आवारातला मायक्रोवेव्ह ओव्हन. वेळ संपायच्या आधीच कुणी घाईने दार उघडलं की त्या क्षणी तो एक फटकारा बाहेर टाकी. दार बंद ठेवून आणि ओव्हन सुखाने चालवून परीक्षा घेतली की सगळं ठीक. भुकेचा माणूस परीक्षेच्या खोलीत नव्हता. आपल्याकडे दिवाळीच्या माळा जोडावर जोड देऊन लागतात, पंपाचा स्टार्टर सैल तारेवर चालतो, खांबावरचा सैल सांधा पावसाळ्याआधी ठिणग्या टाकतो. महावितरणच्या तारेवरच्या अशा ठिणगीने दुर्बिणीला होणारा त्रास तर नेहमीचा. ही कुठल्याच वस्तूची नापास परीक्षा नव्हे, आणि तरी गोंगाट खरा आहे.

इथपर्यंत आम्ही दुर्बिणीच्या बाजूने बोललो असं वाटेल. आता दुसरी बाजू.

आमचा एक जुना विद्यार्थी मंचरला छोटा वर्कशॉप चालवतो. मोबाइलवरून शेतातला पंप सुरू करायच्या पेट्या बनवतो. बिबट्याच्या भीतीने रात्री पाणी द्यायला जायचं म्हणजे काय असतं, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगायला नको. माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राचे पिंजरे आपण पाहिले आहेत. ही पेटी चैनीची वस्तू नाही. त्याला नारायणगावच्या बाजूला मोठी शेड घालायची होती. दुर्बिणीच्या परिसरात उद्योग काढायचा तर एन.सी.आर.ए.ची ना-हरकत लागते. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझा माल शांत आहे हे मी सिद्ध करतो. लॅबचे पैसे भरतो. पण माझ्या शेडसमोरच्या दुकानात बिननावाच्या माळा आणि चार्जर पोत्याने येतात, ते कोण तपासतंय? मी इथला, म्हणून मला नियम. तो माल बाहेरचा, म्हणून मोकळा?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण त्याच्या प्रश्नाने विषय सरळ झाला. देशात वस्तूंसाठी नियम अपुरा, म्हणून इथे जागेसाठी नियम कडक करावा लागतो. वस्तूला न विचारलेला प्रश्न माणसाला विचारला जातो. पुणे-नाशिक रेल्वेचंही तेच. मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत जाणाऱ्या मार्गाची किती वर्षं वाट पाहिली. विजेवरच्या गाडीचा पँटोग्राफ तारेवर घासतो तेव्हा ठिणग्या पडतात आणि त्यांचा गोंगाट रुंद पट्टीवर पसरतो. दुर्बिणीचं कारण देऊन तो मार्ग वळवायचं रेल्वे मंत्रालयाने जाहीर केलं. शास्त्रज्ञांची भीती खोटी नाही. पण 'दुर्बिणीमुळे रेल्वे गेली' हे वाक्य ज्या मुलाने चाकणच्या बसमध्ये उभ्याने ऐकलं, त्याला जान्स्कीची गोष्ट सांगायला आम्ही धजावणार नाही.

म्हणून आमची मागणी काय, ते थोडक्यात सांगतो.

एक, शेजाऱ्याची काळजी वस्तूत घाला. सक्तीच्या नोंदणीत ईएमसी आणा, निदान दिवे, चार्जर आणि ड्रायव्हर यांच्यासाठी. फिल्टरचा खर्च वस्तूमागे थोडा असतो. तो देशभर वाटला तर कुणाला जाणवणार नाही. आज तो न घातल्याचा खर्च दोन-चार तालुक्यांवर पडतो. याने दुर्बिणीचं सगळं भागणार नाही, कारण 'ब' वर्गही तिला पुरत नाही हे आम्ही मघाशीच म्हटलं. पण तळाचा गोंगाट उतरला की अंतराचे नियम सैल करायला जागा होते.

दोन, शांततेची किंमत ज्यांच्याकडून घेता त्यांना काही परत द्या. दुर्बीण देशाची आहे, जगाची आहे. मग इथल्या लहान उद्योजकाच्या चाचणीचा खर्चही सगळ्यांनी उचलावा. वेधशाळेला स्वतःची उपकरणं धातूच्या बंद खोल्यांत कोंडून ठेवायची विद्या आहे, गोंगाट मोजायची यंत्रं आहेत. ती विद्या ना-हरकतीच्या कागदाऐवजी सल्ला म्हणून मंचरच्या वर्कशॉपपर्यंत आली, तर तिथे बनलेली पेटी जगातल्या कोणत्याही बाजारात उभी राहील. दुर्बिणीशेजारी नांदलेल्या मालाला जर्मनीतल्या टीव्हीशेजारी नांदणं अवघड नाही.

तीन, आपलं काम. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. ठिणगी दिसली तर महावितरणला कळवा. दुकानदाराला चिन्ह विचारा, नुसता भाव विचारू नका. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते, तेव्हा मुलांना घेऊन जा. प्रश्न विचारा, अवघडही विचारा. रेल्वेचाही विचारा.

त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं? त्याने शेड मंचरलाच वाढवली. पेटीत फिल्टर घातला, कुणी मागितला नव्हता तरी. आम्ही विचारलं, "अरे, आता कशाला?" तो म्हणाला, "सर, आईच्या रेडिओत खरखर येत होती."

आमचं बोलणं संपलं. दिवा लावा आता, आम्ही ट्रान्झिस्टर बंद करतो. प्रश्न असतील तर विचारा.